जमिनीचा ओव्हरटाइम

आमच्या घरात कापूस मी दोन कामांसाठी वळायची. लांब वाती देवापुढच्या निरांजनासाठी आणि गोळीएवढे बोळे ह्यांच्या कानांसाठी. दोन्ही एकाच डब्यात असायचं. सासूबाईंना ते रुचायचं नाही, देवाचा कापूस वेगळा ठेव म्हणायच्या. मी कधी ठेवला नाही. ज्या नोकरीवर घर चालत होतं तिच्यापुढे कापसाचं सोवळं किती सांभाळायचं, असं मला वाटायचं. तोंडाने मात्र काही बोलत नसे, कारण बोलायचाही कंटाळा यावा असेच ते दिवस होते.

हे, म्हणजे माझे यजमान, जबलपूरच्या एका कारखान्यात कामाला होते. लढाईचं सामान बनायचं तिथे. ह्यांचं खातं घणाचं. लालभडक लोखंड ठेवायचं आणि त्यावर वरून घण पडायचा, पाळी सुरू झाल्यापासून संपेपर्यंत. आम्ही दीक्षितपुऱ्यात दोन खोल्यांत राहत होतो. तिथून कारखाना बराच लांब, पण भोंगा मात्र स्वयंपाकघरात उभं राहून ऐकू यायचा, आणि अख्खी आळी त्यावर घड्याळं लावायची. पासष्टची लढाई सुरू झाली तशी खिडक्यांना तपकिरी कागद लागले, पाळ्या लांबल्या, ओव्हरटाइम सुरू झाला. हे घरी यायचे, ताटावर बसायचे आणि घास हातात असतानाच डुलक्या घ्यायचे. काही विचारलं की “अं?” म्हणायचे. मला वाटलं, दमलेत. लढाई संपली, कागद उतरले, तरी ते “अं?” काही गेलं नाही.

तेव्हा मी त्यांना नेपियर टाउनमध्ये कानाच्या डॉक्टरकडे नेलं. ते जायला तयार नव्हते, मीच हट्टाने नेलं. डॉक्टरांनी एक धातूचा चिमटा वाजवून कानाशी धरला, मग दुसऱ्या कानाशी. शेवटी माझ्याकडे बघून सरळ सांगितलं, की जेवढं गेलं तेवढं परत येणार नाही. जे उरलंय ते वाचवायचं असेल तर घणापासून लांब व्हा. कापूस घालून काही होत नाही.

खातं बदलून मिळावं म्हणून ह्यांनी वरच्यांना विचारलं. घणावर हात बसलेला माणूस कोण सोडतो? थांबा म्हणाले. मग ह्यांनी एक दिवस जेवताना सांगितलं, “नोकरीच सोडतो. शेतावर घर चालवू.”

ते शेत आमच्या नशिबात कसं आलं ते सांगायला हवं. ह्यांचे कोणी पूर्वज मराठ्यांच्या काळी इकडे चाकरीला आले. त्या चाकरीतलं जे काही वाटण्या होत होत उरलं ते एवढंच, अधारतालच्या पुढे पनागरच्या वाटेवर काळ्या जमिनीचा एक तुकडा. एक शेजारचाच शेतकरी तो अर्ध्या वाट्याने कसायचा, तिकडे त्याला बटाईदार म्हणतात. वर्षाला आम्हाला गहू, हरभरा, थोडी मसूर मिळायची. घराला पुरेल एवढं नाही, पण विकत घ्यावं लागतंय हे विसरायला होईल एवढं.

त्या भागात काळी जमीन कसण्याची एक रीत आहे. शेताला चारी बाजूंनी कमरेएवढा मातीचा बांध घालतात, आणि अशा शेताला बंधिया म्हणतात. पावसाळाभर त्यात काही पेरायचं नाही. पाणी नुसतं साठू द्यायचं. जुलैपासून शेत तळ्यासारखं भरून राहतं. तण पाण्याखाली सडतं, गाळ खाली बसतो, आणि कांस नावाचं जे गवत तिकडे एकदा शिरलं की नांगराला दाद देत नाही, ते पाण्यात गुदमरून मरतं. नवरात्राच्या सुमाराला बांधाचं तोंड उघडायचं. एकाचं पाणी दुसऱ्याच्या शेतातून जातं म्हणून शेजारी विचारून दिवस ठरवतात. पाणी गेलं, जमीन जरा सुकली, की त्या ओलीवरच गहू-हरभरा मिसळून पेरायचा. वर पाणी नाही, खत नाही, काही नाही. मी नागपूरकडची. मला आधी हे अजबच वाटलं. चार महिने जमीन नुसती पाण्याखाली ठेवायची म्हणजे निव्वळ आळस, असं माझं मत होतं.

लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी ह्यांनी मला तोंड उघडायच्या दिवशी तिथे नेलं होतं. सायकलच्या मागे बसून गेले. बटाईदाराने फावड्याने माती ओढली, आधी बोटाएवढी धार आली, मग जागा रुंद झाली आणि पाणी जे सुटलं ते सुटलं. हे पाण्याकडे पाठ करून उभे राहिले. मला म्हणाले, “डोळे मिट. नुसतं ऐक.” मी मिटले. काय सांगू, तसा आवाज मी नंतर कुठे ऐकला नाही. मोठा, पण अंगावर न येणारा. हे म्हणाले, “वर्षभर घण ऐकतो, मग एक दिवस हे ऐकायला येतो.” तेव्हा त्यांचे कान चांगले होते, आणि आमचं बोलणं अजून थोडं थोडं लाजत चाललं होतं. नंतर त्यांनी मला पाणी दाखवलं. सुरुवातीचं गढूळ पाणी निघून गेलं होतं आणि मागचं अगदी निवळ होतं, खालचं गवताचं पातं दिसत होतं. “पाणी निवळ गेलं म्हणजे माती घरात राहिली,” असं म्हणाले. हे वाक्य मला पाठ आहे. त्यांनाही असायला हवं होतं.

तर नोकरी सोडायची ठरली. पण अर्धा वाटा गहू-हरभरा घेऊन मुलांच्या फिया भरता येत नाहीत, हे मलाही कळत होतं आणि त्यांनाही. त्याच सुमाराला नवा बुटका गहू आला. पाणी द्या, खत द्या आणि दुप्पट घ्या, असं जो तो सांगायचा. शेजारच्या गावात कोणाच्या शेतात तो डोलायला लागला आणि इकडे आमच्या घरात खूळ शिरलं. बटाईदार तर ह्यांच्याही पुढे होता. तो घरी येऊन ओसरीवर बसायचा आणि सांगायचा, “भैयाजी, चार महीने खेत को सुलाए रखते हैं। किस काम का? बाँध काट दो, बरसात में मक्का ले लो, फिर गेहूँ।”

हे कारखान्याचे. बंद पडलेलं मशीन बघवत नसे त्यांना. मला म्हणाले, “जमीन चार महिने रिकामी बसून राहिली आहे. मी बारा-बारा तास उभा असतो आणि ती बसून. तिलाही पाळी लावू.”

मी म्हटलं, “लावा.” त्यांचे कान वाचणार होते. जमिनीचं काय व्हायचं ते होवो, असंच मला वाटत होतं तेव्हा, आणि आज त्याबद्दल मला स्वतःला दोष द्यावासा वाटत नाही. ज्याच्या घरात माणूस डोळ्यांदेखत बहिरा होतोय त्याने जमिनीची काळजी करावी, हे सांगणं सोपं आहे.

अधारतालच्या शेतकी कॉलेजातले एक साहेब तेव्हा गावोगाव फिरायचे. तरुण होते, कुरळ्या केसांचे, सायकलला माती भरायच्या पिशव्या लटकवलेल्या. ते आमच्या शेतावर आले, चार-पाच ठिकाणची माती घेऊन गेले, आणि पुढल्या खेपेला ह्यांना नीट समजावून सांगितलं. मी तिथेच होते. नवा गहू घ्या, चांगला आहे, म्हणाले. पण तो खादाड आहे. त्याला नुसता युरिया देऊन चालणार नाही. नत्राबरोबर स्फुरद लागतो, पालाशही बघून द्यावा लागतो, आणि शेणखत तर हवंच, नाहीतर ही काळी माती दगड होते. मधूनमधून हरभरा ठेवाच, तो मुळांतून जमिनीला परत देतो. आणि बांध एकदम काटू नका, अर्ध्या शेतावर आधी करून बघा.

हे सगळं ऐकत होते. ऐकायला आलं होतं त्यांना, मुद्दाम जवळ बसले होते. पण माणूस त्यातलं घेतो कोणतं? युरियाची गोष्ट अशी, की टाकला आणि पाणी दिलं की आठवड्याभरात शेत हिरवंगार दिसतं. डोळ्यांना दिसतं. स्फुरदासाठी सुपर फॉस्फेट टाकलं तर काहीच दिसत नाही. राखेसारखी पूड जमिनीत जाते आणि गप्प बसते. शेणखताचं तर बोलायलाच नको. शेण थापून गोवऱ्या करायच्या आणि विकायच्या, हा बटाईदाराच्या बायकोचा रोजचा धंदा, आणि आम्हीही त्याच गोवऱ्यांवर भात शिजवायचो. तिच्या पोटावर कोण पाय देणार? म्हणून युरियाच्या पिशव्या आल्या आणि बाकीचं पुढल्या वर्षावर ढकललं गेलं. हरभऱ्यालाही सुट्टी मिळाली. अर्धं शेत करून बघायला वेळ कोणाकडे होता? ह्यांना तर कानांची घाई.

बांध चारी बाजूंनी काटले. ओव्हरटाइमच्या पैशातून शेतातल्या जुन्या विहिरीवर डिझेलचा पंप बसला. पावसाळ्यात मका, हिवाळ्यात गहू, आणि विहिरीला पाणी राहिलं तर उन्हाळ्यात मूग. तीन पाळ्या पुऱ्या झाल्या.

पहिलं वर्ष असं आलं की काय सांगावं. दीक्षितपुऱ्याच्या आमच्या खोलीत पोती ठेवायला जागा उरली नाही, मुलं पोत्यांवर झोपायची. हे रोज संध्याकाळी पोत्यांवरून हात फिरवायचे. नोकरी सोडायची तारीखही मनात धरली होती त्यांनी. मग म्हणाले, “आणखी एक साल बघू. दोन सालं नीट आली की मग सोडतो. पक्कं.” मला राग आला होता. पण घरात शिकणारी मुलं, आणि एका वर्षाच्या जिवावर उडी मारायची म्हणजे भीती तर मलाही होतीच.

दुसऱ्या वर्षी आदल्या वर्षीएवढंच आलं, पण युरिया जास्त लागला. गहू तरारून वर आला, गर्द काळसर हिरवा झाला आणि फाल्गुनात वारा सुटला तसा सगळा लोळला. जो हाती आला तो दाणा बारीक, सुरकुतलेला. मी पोळ्या लाटताना ओळखायची, पिठाला चव नव्हती. त्या पावसाळ्यात मी एकदा शेतावर गेले होते. बांध नव्हता, त्यामुळे पाणी थांबायचं काही कारणच नव्हतं. मक्याच्या ओळींमधून ते सरळ नाल्याकडे पळत होतं, आणि काळं होतं. कोळशाच्या वखारीतून निघावं तसं काळं. मी ह्यांना हाक मारून दाखवलं. त्यांनी बघितलं.

तिसऱ्या वर्षी जमिनीने अंग टाकलं. दुसरा शब्द मला सुचत नाही, कारण तसं अंग टाकलेलं माणूस मी रोज घरात बघत होते. नांगर लावला की वीट निघावी तशी ढेकळं निघायची. पाणी वर दिलं तरी आत जायचं नाही. गहू उगवला तो पिवळा, फुटवा नाही, आणि कडेकडेने कांस परत आला होता, पांढरे तुरे हलवत. बटाईदार म्हणाला, “भैयाजी, खाद और डालो।” ह्यांनी आणखी युरिया आणला. आठ दिवस शेत हिरवं दिसलं आणि परत बसलं. कॉलेजचे साहेब आले, त्यांनी एक रोप उपटून त्याची मुळं आमच्यापुढे धरली. वीतभरही नव्हती. ते रागावले नाहीत, उलट त्यांचाच चेहरा उतरला होता. म्हणाले, “आपने इसको एक ही चीज़ दी, और सब कुछ ले लिया।”

हे घरी आले आणि अंगणात नळाखाली बराच वेळ पाय धूत राहिले. मग म्हणाले, “दमली आहे ती. ओळखायला पाहिजे होतं मी तरी.”

त्याच हिवाळ्यात एकाहत्तरची लढाई लागली. खिडक्यांना परत कागद लागले. नोकरी सोडायचं नाव आता कोण काढणार? शेतात काही राहिलं नव्हतं, आणि कारखान्यात सगळ्यांच्या सुट्ट्या बंद. हे परत घणापुढे उभे राहिले, लांबलेल्या पाळ्यांवर. मी कापसाचे बोळे वळत राहिले. काही होत नाही हे ठाऊक होतं, तरी वळत राहिले. लढाई लवकर संपली, काम काही लगेच उरकलं नाही. आणि ते उरकेपर्यंत ह्यांचे कान गेले. तोंड अगदी कानाशी नेऊन ओरडलं तर एखादा शब्द लागायचा. मग त्यांना स्टोअरमध्ये बदली मिळाली. तिथे शांतता असते म्हणे. त्या दिवशी मी स्वयंपाकघरात एकटीच हसले, आणि मग रडले. राग कोणावर काढायचा तेच समजेना. लढाईवर काढावा तर तिला पत्ता नाही.

शेत विकून टाका, असं सासरचे म्हणाले. ह्यांनी मान हलवली, नाही. स्टोअरमधून वेळेवर सुट्टी होऊ लागली होती. रविवारी सायकल काढून ते शेतावर जायचे आणि बांध घालायचे. बटाईदार आधी टाळाटाळ करत होता, मग त्याच्याही पोटाला चिमटा बसला होता म्हणून आला. पावसाळ्यातला मका बंद झाला. पहिल्या वर्षीचा बांध पावसात फुटला, परत घातला. युरिया थोडा, आणि त्याच्या जोडीला साहेबांनी सांगितलं तसं सुपर फॉस्फेट, न दिसणारं ते. गव्हात हरभरा परत आला. राहता राहिलं शेण, तिथे मात्र घोडं अडलं. बटाईदाराची बायको गोवऱ्या सोडायला तयार नव्हती.

मी तिच्याकडे गेले. ती म्हणाली, “भाभीजी, गोबर खेत में डाल दूँ तो चूल्हा काहे से जलाऊँ?” बरोबरच होतं तिचं. मग मी तिला बुराद्याची शेगडी नेऊन दिली. लाकडाच्या वखारीतून भुसा आणायचा, पत्र्याच्या शेगडीत मधे एक बाटली उभी धरून चारी बाजूंनी ठासून भरायचा, बाटली अलगद काढून घ्यायची आणि त्या भोकातून पेटवायची. दोन वेळचा स्वयंपाक होतो. धूर डोळ्यांत जातो, ठासताना मनगटं दुखतात, आणि भुसा ओला असला की संपूर्ण सकाळ वाया. मीही घरी गोवऱ्या बंद करून तेच सुरू केलं, नाहीतर तिला कोणत्या तोंडाने सांगणार? कित्येक वर्षं मी त्या शेगडीवर शिजवलं. कोणी कौतुक केलं नाही आणि मला कोणाकडून हवंही नव्हतं. मला फक्त झोप हवी असायची.

जमीन एका वर्षात बिघडत नाही आणि एका वर्षात सुधारत तर मुळीच नाही. पहिली दोन-तीन वर्षं तर केलेलं सगळं पाण्यात जातंय असंच वाटायचं. मग एका वर्षी नांगर लावताना बटाईदाराने एक ढेकूळ उचलून मुठीत दाबलं आणि ते फुटलं. त्याने ते तसंच ह्यांच्या हातावर ठेवलं. ह्यांनी घरी येऊन मला हात दाखवला, तो धुतला नव्हता. त्याच्या पुढल्या पावसाळ्यात बांधाने चारी बाजूंनी पाणी धरलं, शेवटपर्यंत.

नवरात्रात तोंड उघडायचा दिवस ठरला. शेजारच्या शेतातले चार लोक बांधावर जमले होते. मीही गेले. आता सायकलच्या मागे नाही, अधारतालपर्यंत बस आणि पुढे टांगा. ऊन चांगलं होतं. पाणी भरलेलं होतं आणि त्यात आभाळ दिसत होतं.

हे तोंडाच्या अलीकडे जाऊन पाण्याकडे पाठ करून उभे राहिले आणि त्यांनी डोळे मिटले. इतक्या वर्षांच्या सवयीने ते पायांनी आणि पाठीने केलं होतं, कानांना कोणी विचारलंच नव्हतं. बटाईदाराने माझ्याकडे पाहिलं. मी मानेनेच सांगितलं, उघडा. त्याने फावडं मारलं. धार आली, रुंद झाली, आणि तो सगळा आवाज परत आला, लग्नाच्या वर्षी होता तसाच. आम्ही सगळे ऐकत होतो. हे डोळे मिटून वाट बघत उभे होते. बराच वेळ झाला. मग त्यांनी डोळे न उघडताच विचारलं, “काहून सोडत नाही अजून?”

जमिनीला परत विश्रांती देता आली, खतं मोजून देता आली, ती उठली. ह्यांच्या कानांना कोण काय देणार होतं?

मी त्यांचा हात धरला आणि त्यांना बांधावरून खाली उतरवलं. चपला काढायला लावल्या. पाणी ज्या चरातून जात होतं त्यात त्यांना उभं केलं. पाणी घोट्यांवरून गेलं तेव्हा त्यांनी डोळे उघडले. आधी माझ्याकडे बघितलं, मग खाली. सुरुवातीची गढूळ धार निघून गेली होती. पाण्यातून त्यांच्या पायांची बोटं दिसत होती, नखांसकट.

ते कितीतरी वेळ वाकून बघत राहिले.

“निवळ आहे,” म्हणाले. बहिरी माणसं बोलतात तसं, फार मोठ्याने. बांधावरच्या सगळ्यांना ऐकू गेलं.